दहा वर्षांपूर्वीचं थकलेलं कार्ड आणि आजचा गृहकर्जाचा अर्ज

तुमची हकीकत थोडक्यात अशी. २०१५ मध्ये नोकरी गेली, क्रेडिट कार्डाचे सुमारे ३८,००० रुपये थकले, शेवटचा भरणा त्या वर्षीच्या नोव्हेंबरात झाला. पुढे पत्ता बदलला, मोबाइल नंबर बदलला, कोणी विचारायला आलं नाही. आता नाशिकला फ्लॅट घ्यायचा म्हणून गृहकर्जाचा अर्ज केला, तर क्रेडिट स्कोअर ६४१ आणि क्रेडिट अहवालात त्या कार्डापुढे 'रिटन ऑफ', म्हणजे बँकेने तोट्यात टाकलेलं, असा शेरा. त्यातच एक वसुली एजंट १,९६,००० रुपये मागतोय. 'आज ६०,००० भरा, मिटवून टाकू' म्हणतो, आणि तेवढे नसतील तर निदान १,००० रुपये टोकन टाका म्हणून रोज फोन करतो. तुमचा प्रश्न आहे की सात वर्षं झाली की हे आपोआप निघून जातं ना, मग भरायचं कशाला?

इथे दोन वेगळ्या मुदती एकमेकींत मिसळल्या आहेत. एक मुदत कोर्टाची, म्हणजे सावकाराने दावा कधीपर्यंत लावायचा याची. दुसरी सिबिलसारख्या माहिती कंपनीकडे, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची माहिती साठवणाऱ्या कंपनीकडे, नोंद किती काळ राहते याची. पहिली संपली म्हणून दुसरी संपत नाही, आणि दुसरीतून नोंद गेली म्हणून कर्ज फिटलं असंही होत नाही. तुमच्या बाबतीत पहिली जवळजवळ नक्की संपलेली दिसते. अडचण दुसरीची आहे, आणि एजंट पहिलीची भीती घालून तुमच्याकडून पैसे काढू पाहतोय.

आधी कोर्टाचं पाहू. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे कार्ड, वैयक्तिक कर्ज अशा विनातारण रकमेसाठी दावा लावायची मुदत थकल्यापासून तीन वर्षं असते. तुमचा हिशोब नोव्हेंबर-डिसेंबर २०१५ पासून धरला तर २०१८ च्या अखेरीस ती संपली. त्यानंतर दावा आलाच, तर तुम्ही मुद्दा काढला नाहीत तरी कोर्टाने स्वतःहून मुदत तपासायची असते. ज्यांचं कर्ज २०१७ च्या मार्चनंतर थकलं, त्यांनी मात्र बोटांवर तीन वर्षं मोजून निश्चिंत होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कोविडचा काळ मुदतीतून वगळला गेला. १० जून २०१८ ला थकलेल्या कर्जाची मुदत एरवी जून २०२१ मध्ये संपली असती, ती या हिशोबाने मे २०२३ च्या अखेरपर्यंत गेली.

मुदत संपली म्हणजे कर्ज मेलं असं नाही. वसुलीसाठी कोर्टाचा रस्ता बंद होतो, देणं शिल्लकच राहतं. म्हणून बँक किंवा तिच्याकडून कर्ज विकत घेणारी कंपनी तुम्हाला सभ्यपणे मागू शकते आणि तुम्ही राजीखुशीने देऊ शकता. दिलेले पैसे नंतर 'मुदतबाह्य होते' म्हणून परत मागता येत नाहीत.

आता त्या १,००० रुपयांच्या टोकनबद्दल. मुदत चालू असताना तुम्ही सही करून देणं कबूल केलंत (कलम १८), किंवा काही भरणा केलात आणि तशी लेखी नोंद तुमच्या हाताची वा सहीची असली (कलम १९), तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात. मुदत संपून गेल्यावर नुसता भरणा केल्याने ती परत जिवंत होत नाही. पण करार कायद्याच्या कलम २५(३) मध्ये एक दार उघडं आहे: मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन दिलंत, तर तो नवा वैध करार ठरतो आणि त्यावर दावा लागू शकतो. टोकन मागणारा एजंट बहुतेक वेळा सोबत 'छोटासा फॉर्म' पाठवतो. त्यात 'मी अमुक रक्कम देणे लागतो आणि उर्वरित तमुक तारखेपर्यंत भरेन' असं एक वाक्य असतं. १,००० रुपये ही किरकोळ बाब आहे, तो फॉर्म मात्र किरकोळ नाही. शिवाय तेवढ्या पैशाने अहवालातला शेरा तसूभरही हलत नाही. टोकन देऊ नका, फॉर्मवर सही करू नका, नव्या तारखेचा किंवा कोरा चेक तर मुळीच नको.

वरचं सगळं विनातारण कर्जाचं झालं. तीन प्रकारांत गणित बदलतं. घर-जमीन गहाण असेल तर गहाणाच्या वसुलीची मुदत बारा वर्षं आहे. तुमच्याविरुद्ध आधीच हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) किंवा लवादाचा निवाडा झालेला असेल, तर त्याची दरखास्त, म्हणजे तो अमलात आणायचा अर्ज, बारा वर्षांपर्यंत लावता येते. जुन्या पत्त्यावर समन्स गेलं आणि एकतर्फी निकाल लागला, हे अनेकदा घडतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जुन्या जिल्ह्यात स्वतःच्या नावाने शोध घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. लवादाचं प्रकरण मात्र तिथे निवाड्याची दरखास्त लागल्याशिवाय सहसा दिसत नाही, म्हणून जुन्या ईमेलमध्ये 'आर्बिट्रेशन' शब्द टाकूनही पाहा.

तिसरा प्रकार पतसंस्थेचा, आणि महाराष्ट्रात तो फार महत्त्वाचा आहे. सहकारी संस्थेचं सभासदाकडचं येणं असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ९२ लागतं, आणि त्यात सभासदाविरुद्धच्या वसुलीच्या वादाची मुदत तो मयत झाल्यापासून किंवा सभासदत्व संपल्यापासून मोजतात. शेअर्स अजून तुमच्या नावावर असतील तर 'पंधरा वर्षं झाली' हे उत्तर तिथे चालत नाही. त्यातून कलम १०१ चा वसुली दाखला निघालेला असेल, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, आणि जामीनदारावरही होते. पतसंस्थेच्या कर्जाला सही केलेल्या कोणीही कार्डाच्या थकबाकीचे नियम स्वतःला लावून घेऊ नयेत.

आता दुसरी मुदत, सात वर्षांची. समज असा पसरलाय की सात वर्षांनी नोंद पुसतात. आपल्याकडचा नियम उलट्या बाजूने लिहिलेला आहे: माहिती कंपन्यांनी माहिती *किमान* सात वर्षं जपायची. सात वर्षांनी काढून टाकलीच पाहिजे असं बंधन कर्जदाराच्या बाजूने नाही. अमेरिकेत वाईट नोंद साधारण सात वर्षांनी निघते, तिथल्या लेखांतून हा समज इकडे आला. आणि खातं बंद झालेलं नसेल, सावकार दर वेळी 'थकबाकी अजून आहे' असं कळवत असेल, तर ती नोंद जुनी होतच नाही. ती दर वेळी ताजी होते.

म्हणून आधी अहवाल हातात घ्या. देशात चार माहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा. ॲपमध्ये दिसणाऱ्या स्कोअरच्या काट्यावर जाऊ नका, पूर्ण पीडीएफ उघडा आणि त्या कार्डाच्या चौकटीत या ओळी बघा: शेवटच्या भरण्याची तारीख, माहिती कळवल्याची तारीख, चालू शिल्लक, थकीत रक्कम, आणि राइट-ऑफची रक्कम. ही शेवटची दोन आकड्यांत असते, एकूण आणि मुद्दल. खाली महिन्यांचे छोटे चौकोन दिसतील, त्यांत किती दिवस उशीर झाला ते लिहिलेलं असतं. ०००  म्हणजे वेळेवर, ०९० म्हणजे नव्वद दिवस उशीर, एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहितीच आलेली नाही.

समजा त्या चौकटीत राइट-ऑफ एकूण ४४,६०० आणि मुद्दल ३१,२०० असं आहे. तुमच्या वाटाघाटीचा पाया ३१,२०० हा आहे. एजंटचे १,९६,००० कुठून आले ते एका ओळीत सांगता येतं: ३८,००० वर महिना साडेतीन टक्के साधं व्याज दहा वर्षं धरलं की १,५९,६०० होतात, दोन्ही मिळून १,९७,६००, म्हणजे जवळपास तेवढेच. कार्डाचा दर कागदावर टाकून फुगवलेला आकडा आहे तो. बँकेने स्वतःच्या पुस्तकात हे खातं कधीच राइट-ऑफ केलेलं आहे. राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे, हिशोबाच्या वहीतून तोट्यात टाकणं. पण एजंटच्या या फुगवलेल्या आकड्यावर कोणी व्यवहार करत नाही, हे समोरच्यालाही ठाऊक असतं.

कळवल्याची तारीख २०१६ चीच असेल, तर सावकाराने पुढे कळवणं थांबवलंय आणि नोंद गोठून पडली आहे. तारीख गेल्या महिन्याची असेल तर खातं कोणाच्या तरी हातात जिवंत आहे. कोणाच्या, हे पुढचं कोडं. बँका विलीन होतात: देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात गेल्या. शिवाय जुनी थकीत खाती गठ्ठ्याने मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना, म्हणजे एआरसींना, विकली जातात. आता एआरसींनाही माहिती कंपन्यांकडे नोंदी कळवाव्या लागतात. त्यामुळे वर्षानुवर्षं शांत असलेलं कर्ज नव्या नावाने अहवालात उगवलेलं दिसू शकतं. एकाच कार्डाच्या दोन चौकटी दिसल्या, एक बँकेची थकबाकीसकट आणि एक एआरसीची, तर ती चूक आहे. विकलेल्या खात्यावर बँकेकडे शिल्लक शून्य दिसायला हवी. त्यावर तक्रार लगेच टाका, ती मोफत असते.

एजंटला एवढंच सांगा: 'कर्ज सध्या कोणाच्या मालकीचं आहे, ते वसुलीसाठी तुम्हाला दिल्याचं पत्र आणि खात्याचा उतारा माझ्या ईमेलवर पाठवा.' फोनवर 'हो, माझंच कार्ड होतं, भरतो' असं काही बोलायचं नाही. मग मूळ बँकेच्या संकेतस्थळावरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला स्वतंत्र ईमेल करून तेच विचारा: खातं तुमच्याकडे आहे की विकलं, कोणाला, कोणत्या तारखेला. दोन्ही उत्तरं जुळली तरच पुढे बोलायचं. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नातेवाइकांना, ऑफिसातल्या लोकांना फोन करून बदनामी करणंही बसत नाही. फोन रेकॉर्ड करा, तारीख-वेळ लिहून ठेवा. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे. केवळ पैसे थकले म्हणून पोलीस अटक करत नाहीत.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, पण ती हलक्यातही घेऊ नका. दाखलपूर्व प्रकरणात, म्हणजे अजून कोर्टात दावा न लागलेल्या प्रकरणात, तुम्ही गेला नाहीत म्हणून शिक्षा होत नाही. गेलात आणि तिथल्या तडजोडीवर सही केलीत, तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखा अमलात येतो आणि त्यावर अपील नाही. मुदतबाह्य कर्जाला तिथे चोवीस हप्त्यांची कबुली देऊन आलेली माणसं तिसऱ्या हप्त्याला अडकतात, आणि मग त्यांच्यावर दरखास्त लागते. एकरकमी भरता येणार असेल तरच तिथे सही करा.

आता मूळ मुद्दा, भरायचं की नाही. हे तुमच्या गरजेवर आहे. पुढची पाचसहा वर्षं कर्ज काढायचं नसेल, मुदत संपल्याची खात्री असेल, आणि हातात पैसे नसतील, तर काही न करणं हाही कायद्यात बसणारा निर्णय आहे. पण तुम्हाला गृहकर्ज हवंय. बँकेतला कर्ज मंजूर करणारा अधिकारी स्कोअरच्या आधी 'रिटन ऑफ' हा शब्द वाचतो, आणि शिल्लक दिसत असेल तर फाइल तिथेच थांबते. वीस लाखांच्या कर्जावर अर्धा टक्का जास्त व्याज म्हणजे पहिल्याच वर्षी दहा हजारांच्या आसपास. त्यापुढे ३१,००० मुद्दल फेडणं तुमच्या फायद्याचंच आहे. आणि माझं मत विचाराल तर, वापरलेल्या पैशाचं मुद्दल देता येत असेल तर द्यावं. मुदतीचा कायदा फुगवलेल्या मागणीपासून वाचायला वापरावा.

भरायचं ठरलं तर रकमेइतकाच शेराही ठरवून घ्या. येणं पूर्ण न भरता मिटवलं की अहवालात 'सेटल्ड' लागतं, राइट-ऑफ नंतरचं असेल तर 'पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड'. पूर्ण येणं चुकतं झालं की 'क्लोज्ड'. दोन्हींत फरक मोठा आहे: 'सेटल्ड' म्हणजे बँकेने तोटा सोसला असं पुढचा सावकार वाचतो. म्हणून मागणी अशी करा: मुद्दल पूर्ण भरतो, व्याज आणि दंड माफ करा, आणि खातं शून्य शिल्लक दाखवून 'क्लोज्ड' म्हणून कळवा. काही ठिकाणी हे मान्य होतं, काही ठिकाणी आढेवेढे घेतात. थोडं जास्त, म्हणजे ४४,६०० ची एकूण राइट-ऑफ रक्कम भरून 'क्लोज्ड' मिळत असेल, तर गृहकर्जासाठी तो सौदा ६०,००० देऊन 'सेटल्ड' घेण्यापेक्षा कितीतरी चांगला. एजंटची ६०,००० ची 'सवलत' घेऊ नका, त्यात शेऱ्याचा उल्लेखच नाही.

पैसे जाण्याआधी पत्र हातात हवं. लेटरहेडवर, कंपनीच्या अधिकृत डोमेनवरून आलेलं. त्यात तुमचं नाव, कार्डाचे शेवटचे चार अंक किंवा खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरायची शेवटची तारीख, कोणत्या खात्यात भरायचं, त्यानंतर काहीही येणं उरणार नाही हे वाक्य, आणि चारही माहिती कंपन्यांना कोणता शेरा कळवणार ते. एआरसी असेल तर बँकेकडून कर्ज घेतल्याच्या कराराची तारीखही. पत्र आलं की कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर लावून खरं आहे का विचारा, पत्रावरचा नंबर लावू नका. भरणा एनईएफटी किंवा आरटीजीएसने, पत्रातल्या खात्यातच. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. तारीख चुकली की तडजोड बहुधा रद्द होते आणि भरलेली रक्कम व्याजात वळवतात, म्हणून शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधी भरा.

भरल्यावर ना-देय दाखला घ्या आणि ४५ दिवसांनी चारही अहवाल परत काढा. फुकटचा अहवाल वापरून झालेला असेल तर तेव्हा शुल्क भरावं लागेल, त्यात कंजूषी नको. शेरा बदलला नसेल तर माहिती कंपनीच्या पोर्टलवर पत्र, दाखला आणि बँकेचा यूटीआर (त्या भरण्याचा व्यवहार) क्रमांक जोडून तक्रार करा. माहिती कंपनी स्वतः आकडा बदलत नाही, ती सावकाराला विचारते, त्याच्याकडे २१ दिवस असतात. एकूण ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, आणि ती लेखी मागा. तरीही हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार, फी नाही, वकील लागत नाही. माहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत.

स्कोअर लगेच उडी मारेल असं समजू नका. जुना शेरा सुधारला की मंजुरीतला अडथळा निघतो. अंक मात्र नव्या, नियमित भरण्याने चढतात. तुमच्याकडे सध्या दुसरं काही कर्ज नसेल तर २०-२५ हजारांच्या ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वापरा आणि बिल पूर्ण भरा, फक्त किमान रक्कम नव्हे. दरम्यान पाच बँकांत अर्ज टाकून बघू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते. ज्या बँकेशी तडजोड झाली, तिच्याकडे किमान बारा महिने नवं कर्ज मिळणार नाही, तो रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. इतर बँकांवर हे बंधन नाही, तरी बहुतेक ठिकाणी वर्षभराचे स्वच्छ चौकोन पाहायला आवडतात.

तुमच्या बिल्डरशी करार अजून झालेला नसेल, तर बुकिंगची रक्कम या सगळ्याआधी देऊ नका. कर्ज नाकारलं तर ती परत मिळेल अशी अट करारात आहे का, ते आजच वाचून पाहा. आणि अहवालातले राइट-ऑफचे दोन आकडे व कळवल्याची तारीख इथे लिहा, म्हणजे मागणीचं पत्र नेमकं कोणाला आणि कोणत्या रकमेचं टाकायचं ते सांगता येईल.